कोंडवाड्यातला नवरदेव

आमच्या भावोजींइतका नियमाने चालणारा माणूस सबंध रायगड जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. आणि झाला असेलच, तर त्याच्या मेव्हण्याची मला मनापासून कीव येते. नियम पाळणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, मोडणारी तर त्याहून पुष्कळ. पण जिथे नियमच नाही अशी जागा दिसली की जो कागद-पेन शोधायला लागतो, असा माणूस मी हा एकच पाहिला. नियम असला तर भावोजी तो पाळत, नसला तर तयार करत, आणि तयार केलेला नियम तीन प्रतींत टाइप करायला माझ्याकडे घेऊन येत. मी कंपनीत टाइम ऑफिसचा कारकून, त्यात मराठी टायपिंग येणारा. हाच माझा अपराध. माझ्या बोटांची जी काय झीज झाली ती निम्मी कंपनीसाठी आणि निम्मी थोरल्या बहिणीच्या नवऱ्यासाठी. आज नुसतं सांगायला बसलो तरी आधी दमायलाच होतं.

सुरुवातच बघा ना. ताईच्या लग्नाला नवरदेवाची मिरवणूक पेणच्या बाजारपेठेतून निघाली. बेंजो जोरात, पोरं नाचतायत, आणि नवरदेव जीपमध्ये उभे राहून दोन्ही हातांनी काहीतरी खाणाखुणा करतायत. वाजंत्रीवाल्यांना वाटलं, नवऱ्याला चक्कर आली. चक्कर कसली! मिरवणूक रस्त्याच्या उजव्या अंगाने चालली होती. भावोजी मुंडावळ्या सावरत खाली उतरले, सगळी मिरवणूक डाव्या बाजूला लावून घेतली, नाचणाऱ्यांच्या दोन-दोनच्या रांगा केल्या आणि मग पुन्हा जीपमध्ये चढले. तिकडे मांडवात भटजी लालपिवळे. त्यांना भावोजींनी शांतपणे सांगितलं, "गुरुजी, मुहूर्त हुकला तर दुसरा काढता येतो. चुकीच्या बाजूने गेलेली मिरवणूक परत आणता येते का?" माझ्या वडिलांनी त्या वेळी माझ्याकडे एक नजर टाकली. त्या नजरेचा अर्थ मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळला. आपण आता म्हातारे झालो, यापुढे हे तुलाच सांभाळायचंय, असं ते सांगत होते.

गणपती आणायचा तो जोह्याहून. पेणला घरोघरी मूर्ती होतात, पण भावोजींचा मूर्तिकार जोह्याचा, कारण तो सांगितलेल्या तारखेला मूर्ती देतो. मूर्ती टेम्पोत ठेवली की भावोजींचा टेम्पोवाल्याला पहिला प्रश्न, "बाप्पा प्रवासी की माल?" टेम्पोवाला घाम पुसत म्हणायचा, "काका, बाप्पा हाय! ना माल, ना पॅसेंजर. बसा की मुकाट." पण भावोजी मुकाट बसतील तर ना. माल असेल तर दोरीने बांधायला हवा, आणि देवाला दोरी कशी लावायची? प्रवासी असेल तर मालाच्या टेम्पोत मागे बसवता येत नाही. शेवटी तोडगा निघाला तो असा, की बाप्पांना पुढे ड्रायव्हरशेजारी बसवायचं, माझ्या मांडीवर. हलायचं नाही, खोकायचं नाही, नाकावर माशी बसली तरी हाकलायची नाही, अशा अवस्थेत भातखाचरांमधल्या त्या खड्ड्यांतून मी कितीतरी वर्षं पेणपर्यंत आलो आहे. भावोजी मागे मालाच्या जागी बसत आणि वळण आलं की हात बाहेर काढून दाखवत. ताई म्हणायची, "बाप्पा दीड दिवसाचा, यांचे नियम बारमाही."

कंपनीत भावोजी ट्रॅक्टर चालवायचे. आमची कंपनी रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत, रंगाला लागणारी रसायनं बनवणारी. प्लांट अलीकडे, गोडाऊन पलीकडे आणि मधून ग्रामपंचायतीचा रस्ता. प्लांटमधले ड्रम ट्रॉलीत भरायचे, रस्ता ओलांडायचा आणि गोडाऊनला उतरवायचे, एवढंच काम. ते दोघं करायचे, एक भावोजी आणि दुसरा हिराजी. हिराजी खाडीकडच्या गावचा, मिठागरात वाढलेला. मिठागर बंद पडलं तेव्हा भावोजींनीच त्याला ट्रॅक्टर शिकवला. शिकवला म्हणजे काय, पहिले तीन महिने नुसते हात दाखवायला शिकवले. आवारात ताशी आठ किलोमीटरचा फलक होता आणि ट्रॅक्टरचा काटा मोडका. दुसऱ्या कोणी फलकाकडे पाहिलंही नसतं. भावोजींनी मला जेवणाच्या सुट्टीत घड्याळ घेऊन ट्रॅक्टरशेजारी चालायला लावलं. "तुझी चाल ताशी पाच. तू पळायला लागलास की आठ. तुला धाप लागली की मी समजेन, वेग जास्त झाला." सगळं कॅन्टीन दारात उभं राहून मला धाप लागताना बघत होतं. पण खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत त्यांच्या चाकाखाली कोंबडीचं पिल्लू आलं नाही. एकदाच ट्रॉलीचा कोपरा फाटकाला घासला आणि त्यांना मेमो मिळाला. तो त्यांनी फ्रेम करून घरात लावला. ताईने कपाळाला हात लावला, तर म्हणाले, "अगं, चूक झाली की कोणाला विचारायचं हे कंपनीला ठाऊक आहे, याचा हा पुरावा आहे."

मग ती गाडी आली. नव्वदनंतरची वर्षं ती. बाहेरच्या देशातून यंत्र आणणं सोपं झालं होतं आणि शिफ्टमध्ये जो तो दबक्या आवाजात कपातीचं बोलत होता. गाडी पिवळी, खाटेएवढी, पुढे दोन लोखंडी दांडे, डोक्यावर फिरणारा दिवा. ड्रायव्हर नाही, बसायला जागाही नाही. जमिनीवर रंगवलेला पांढरा पट्टा तिच्या पोटाखालच्या डोळ्याला दिसायचा आणि त्या पट्ट्यावरून ती आपली आपण ड्रम घेऊन गोडाऊनला जायची, उतरवून परत यायची. जाताना बारीक सुरात काहीतरी वाजायचं, डोक्यावर दिवा फिरायचा, आणि सगळ्यांनी हातातलं काम सोडून तिला वाट द्यायची. पोरांनी तिचं नाव ठेवलं नवरदेव. मॅनेजरसाहेबांनी नारळ फोडला आणि सांगितलं, तीन महिने चाचणी. चाचणी नीट झाली की ट्रॅक्टर विभाग बंद. टाळ्या वाजल्या. हिराजीने पण वाजवल्या. त्याला ते उशिरा समजलं.

ताईला मात्र त्याच दिवशी समजलं. संध्याकाळी माझ्या घरी आली, दारातच उभी. "यांची नोकरी जाऊ देऊ नकोस रे. निवृत्तीला सहा वर्षं राहिलीत. पोरगी पनवेलला नर्सिंगला आहे, तिचं अजून व्हायचंय. आणि हे काय घरी बसणारे आहेत? चार दिवसांत मला वेड लावतील." तिला वाटायचं टाइम ऑफिस म्हणजे कंपनीची तिजोरी आणि मी म्हणजे तिची किल्ली. मी हजेरी लिहिणारा माणूस, ताई! पण तिचा चेहरा पाहून माझ्या तोंडून निघून गेलं, "बघतो मी." त्यानंतरच्या तीन महिन्यांत माझी झोप उडाली. भावोजींची उडाली नव्हती. नोकरीचा विषय काढला की ते म्हणायचे, "ते राहू दे. आधी मला सांग, ही गाडी कोणाच्या अंगावर गेली तर विचारायचं कोणाला?"

हा प्रश्न त्यांच्या डोक्यात शिरला आणि माझ्या नशिबी टाइपरायटर आला. पहिली ठिणगी मीच टाकली म्हणा. गाडीपासून सावध राहण्याची सूचना मराठीत लावायची होती. मी लिहिलं, 'स्वयंचलित वाहन'. भावोजी फलकाखाली पाच मिनिटं उभे राहिले आणि थेट टाइम ऑफिसात. "स्वयंचलित म्हणजे स्वतः चालणारं. स्वतः चालतं तर चूकही स्वतःचीच. काल तिने ड्रमला धडक दिली. मेमो कुठाय?" मी म्हटलं, भावोजी, यंत्राला मेमो कसा देणार? "मग मला का दिलात?" त्यांनी वाहनांच्या कार्यालयातून एक फॉर्म आणला. त्यात एक रकाना, 'चालकाचे नाव'. तो मोकळा ठेवून अर्ज गेला. उत्तर आलं की हे वाहन नसून यंत्र आहे, तरी कारखान्यांच्या कार्यालयाकडे जावे. कारखान्यांच्या कार्यालयाने कळवलं की आमच्या यादीत जागचे न हलणारे यंत्र आहे. हे हलते, तरी वाहनांच्या कार्यालयाकडे जावे. बिचाऱ्यांचाही दोष नाही, असली वस्तू त्यांनी तरी कुठे पाहिली होती! असे चौदा अर्ज मी टाइप केले. चौदाव्याच्या वेळी मी हात जोडले, "पुरे करा हो भावोजी. तुमची नोकरी जायची वेळ आली आहे, आणि तुम्ही ती गाडी माणूस आहे का यंत्र आहे हे शोधताय." ते म्हणाले, "अरे, रस्त्यावर फिरणाऱ्या जनावरालासुद्धा कायदा आहे. हिला का नको?" मी म्हटलं, नको. कार्बन संपलाय.

माघी गणपतीच्या सुमाराला गावात कबड्डीचे सामने होते. आमच्याकडे कबड्डी म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. लग्नाची तारीख पुढे ढकलतील, सामन्याची नाही. मैदान ग्रामपंचायतीच्या रस्त्याला लागूनच, गोडाऊनच्या बाजूला. पोरांनी सकाळपासून चुन्याची फक्की मारली होती. मैदानाच्या रेषा तर मारल्याच, पण प्रमुख पाहुण्यांचा मान म्हणून रस्त्यापासून व्यासपीठापर्यंत वाटेलाही फक्कीचा पांढरा पट्टा मारला, छान रुंद, सरळ, मैदानाच्या मधल्या रेषेला नेऊन भिडवलेला. आणि सुरुवात कुठून? तर रस्ता ओलांडणारा आमच्या कंपनीचा पांढरा पट्टा संपता संपता. पोरांना वाटलं, कंपनीने आयता मारून ठेवलाय, पुढचा आपण मारू. पाहुण्यांचं स्वागत करताना चुना कमी पडता कामा नये, ही आमच्या गावची रीत. दुपारी चारच्या सुमाराला नवरदेव चार ड्रम पाठीवर घेऊन रस्ता ओलांडायला आले, पोटाखालच्या डोळ्याला कंपनीच्या पट्ट्यापेक्षा पाहुण्यांचा पट्टा जास्त पांढरा दिसला, आणि ते वळले.

भावोजी तेव्हा गाडीच्या मागून चालत होते, आणि मी मैदानाच्या कडेला सामना बघत होतो. वहीत तिच्या चुका टिपायला ते रोज सुट्टीत तिच्या मागे फिरत. त्यांनी वही खिशात कोंबली आणि धावत तिच्या पुढे गेले. खांद्यावरचा लाल पंचा हातात घेतला आणि तो हलवत, "बाजू द्या! बाजू द्या! गाडीला माणूस नाय! अंगावर येईल!" असं ओरडत सुटले. वाटेत मांडी घालून बसलेली बाया-माणसं उठली, लेकरं उचलली. गाडी आपली दिवा फिरवत, सूर वाजवत, कमानीखालून आत. चढाई करणारा खेळाडू श्वास धरून उभाच राहिला. गाडीने मैदानाची बाजूची रेषा ओलांडली, मधली रेषा धरली आणि टोकाला येऊन थांबली, ती करंडकांचं टेबल आडवं करूनच. तेवढ्यात एक म्हातारा कडेने ओरडला, "कबड्डी बोलत नाय, दम गेला! आऊट!" आणि मग जो हशा पिकला! पण भावोजी हसत नव्हते. ते धापा टाकत एकेका ड्रमचं झाकण तपासत होते. ड्रममधलं रसायन अंगावर सांडलं तर काय होतं ते त्या मैदानात फक्त त्यांना आणि मला ठाऊक होतं.

सरपंच चिडले होते. पोलिसांना बोलवा, कंपनीला टाळं ठोका, असं जो तो म्हणत होता. ड्रम आधी हिराजीने ट्रॅक्टर आणून सांभाळून परत नेले. मग भावोजी पुढे झाले आणि म्हणाले, "टाळं नको. गाडी कोणाची ते कंपनी सांगेल, पण तिला राखणारा कोणी नाही आणि ती गावच्या रस्त्यावर आपल्या मनाने फिरताना सापडली. अशाला आपल्याकडे नियम आहे. कोंडवाडा." दोन्ही संघांच्या खेळाडूंनी मिळून नवरदेवाला ढकलत पंचायतीमागच्या कोंडवाड्यात नेऊन घातलं. आत एक मोकाट रेडा आधीच होता. ग्रामसेवकांनी वही उघडली. वहीतले रकाने जनावरांचे, त्याला ते तरी काय करणार! रंग: पिवळा. शिंगे: दोन, सरळ. शेपूट: नाही. स्वभाव: पुढे काय आहे ते पाहत नाही. हा शेवटचा मजकूर भावोजींनी सांगितला. शेवटचा रकाना होता, 'सोडवून नेऊन पुढे राखणाऱ्याचे नाव व सही'. तो मोकळा राहिला.

दोन दिवस तो मोकळाच होता. मॅनेजरसाहेब म्हणाले, सही इंजिनियर करतील. इंजिनियर म्हणाले, मी फक्त देखभाल बघतो, गाडी कुठे जाते ते विकणाऱ्यांनी ठरवलंय. विकणाऱ्यांचा माणूस मुंबईहून आला, कोंडवाड्यात डोकावला, रेड्याने नाकातून जोराने हवा सोडली तसा दोन पावलं मागे आला आणि म्हणाला, गाडीला पांढऱ्या पट्ट्यावरून जायला सांगितलं होतं, ती पांढऱ्या पट्ट्यावरूनच गेली. चूक असलीच तर फक्कीची आहे. ग्रामसेवक सरळ माणूस. त्याने विचारलं, "मग साहेब, फक्कीची सही कशी घेऊ?" मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलंय. इतकी शिकलेली माणसं, आणि नाव लिहायची वेळ आली तसा प्रत्येकाचा हात मागे. भावोजी कोपऱ्यात उभे होते. मला पहिल्यांदाच वाटलं, त्या चौदा अर्जांत हा माणूस काही वेडेपणा करत नव्हता.

शेवटी सरपंचांनी अट घातली. लिहून भावोजींनी काढली, टाइप अर्थातच मी केली. गावच्या रस्त्यावर ही गाडी एकटी फिरणार नाही. तिच्यापुढे एक माणूस चालेल, त्याच्या हातात लाल बावटा असेल आणि गाडी थांबवायची कळ असेल. त्याचं नाव पंचायतीत लिहिलेलं राहील. गाडी आहे तोवर माणूस राहील. 'लाल बावटा' वाचून मॅनेजरसाहेब दचकले. "युनियन आणताय का?" भावोजी म्हणाले, "नाही साहेब, नुसतं फडकं." साहेबांनी वरती फोन केला, बराच वेळ बोलले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "एक माणूस ठेवायला तयार आहेत. दोघांतला एक. तुमच्या भावोजींनीच हे लचांड उभं केलंय, त्यांनाच निस्तरू दे. नाव लिहा आणि गाडी बाहेर काढा." माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. सहा वर्षं! ताईला काय सांगायचं त्याची वाक्यंसुद्धा मी मनात जुळवली. हिराजी दाराशी उभा होता, टोपी हातात. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण या वेळी त्याला लगेच समजलं होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता.

भावोजींनी चष्मा लावला, वही पुढे ओढली, रकाना आधी बोटाने वाचला आणि लिहिलं. मी कंपनीचा शिक्का मारायला वाकलो तर तिथे हिराजीचं नाव, बापाच्या नावासकट, गावासकट, सुवाच्य अक्षरात. "ये, सही कर," भावोजी त्याला म्हणाले. हिराजी पुढे येईना. "दादा, ह्या तुमचा हाय. मना नको." "तुझं लिहिलंय, खाडाखोड चालत नाही. कर." शिक्का मारताना माझा हात इतका दाबला गेला की खालच्या तीन पानांवर उमटला.

रोह्याहून आम्ही दोघं संध्याकाळच्या पॅसेंजरने पेणला यायचो. नागोठणं गेलं तरी मी पेपरात तोंड खुपसून बसलो होतो. कासू आलं तेव्हा मात्र माझा ताबा सुटला. म्हटलं, भावोजी, ताईच्या तोंडाकडे तरी बघायचं होतंत. पोरीकडे बघायचं होतंत. ती जागा तुमची होती, साहेब स्वतः म्हणाले! ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "नियम करणाऱ्याने त्यातली जागा स्वतः घ्यायची नसते. असा नियम आहे." मी ओरडलोच, "कुठल्या पुस्तकात आहे हा नियम? दाखवा मला. इतकी वर्षं तुमचे नियम टाइप करतोय, हा कधी दिसला नाही." डब्यातली दोन-चार माणसं वळून बघायला लागली. भावोजींनी चष्मा काढून पुसला. "कुठल्याच नाहीये," ते म्हणाले. "असायला हवा होता." मग चष्मा परत लावत, "हिराजीला परत मिठात उभं करायला जागा राहिली नाही रे. मी काय, माझं होईल काहीतरी." माझा राग गेला नाही, पण त्या रागाचं पुढे काय करायचं ते मला समजेना.

ताईने ऐकून घेतलं आणि आत जाऊन बसली. दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी हिराजीची बायको सुकट बांधून घेऊन आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "गो ताय, मना काय बोलावा त्याच समजत नाय." ताई उठली. "बस गो. यांनी केलं ते यांनी केलं, त्यात तुझा काय दोष!" तिला चहा दिला, तिच्या पोरांची चौकशी केली. ती गेल्यावर मात्र स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून रडली. भाचीचं शिक्षण अडलं नाही. ती हुशार निघाली, आम्हीही हातभार लावला. ट्रॅक्टर विभाग बंद झाल्यापासून भावोजी घरीच असतात. ताईला वाटलं होतं वेड लावतील. तसं काही झालं नाही. रस्त्याकडेच्या ओट्यावर बसतात, पेपर वाचतात, कोणी चुकीच्या बाजूने सायकल हाणली तरी बघून न बघितल्यासारखं करतात. त्या दिवसानंतर त्यांनी एकही नवा नियम केला नाही. मी इतकी वर्षं हेच देवाकडे मागत होतो, आणि आता त्यांना असं गप्प बसलेलं पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

गेल्या महिन्यात कंपनी बघायला बाहेरचे पाहुणे आले होते. त्यांना फिरवायला साहेबांनी मला दिलं. रस्त्यावर नवरदेव चालला होता, पुढे हिराजी, हातात बावटा, दुसऱ्या हातात कळ, आणि शाळेतून परतणाऱ्या पोरी त्याच्या बावट्याकडे बघून थांबलेल्या. एका पाहुण्याने विचारलं, "गाडी आपोआप चालते ना? मग पुढे माणूस कशाला?" मी म्हटलं, तसा नियम आहे. "वा! आमच्याकडे अजून हे कोणाला सुचलेलं नाही. कोणी केला हा नियम?" मी सांगितलं, आमच्याच एका ट्रॅक्टर ड्रायव्हरने. ते खूश झाले, डायरी काढली, पेन उघडलं. म्हणाले, "त्यांना भेटलंच पाहिजे. कुठल्या विभागात असतात ते आता?"

मी म्हणालो, "घरी."